कूपन की सुटं? साताऱ्याच्या १८ जणांच्या सहलीतला जेवणाचा हिशेब

एप्रिलच्या शेवटी शाहूपुरीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या नोटिशीशेजारी एक कागद लागला. 'मे महिन्यात थीम पार्कची सहल. तिकीट १,२९९. जेवणासह १,८४८. नाव लिहून पुढे जेवण हो/नाही लिहावे.' कागद मीच लावला होता. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे सोसायटीची कुठलीही वर्गणी फिरून माझ्याच गळ्यात येते.

दोन दिवसांत त्या कागदावरच वाद सुरू झाला. 'जेवण सक्तीचे आहे काय?' असं तळमजल्यावरच्या काकांनी लाल पेनाने लिहिलं. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, पण वही आणि लाल पेन अजून खिशात असतं. खाली कुणीतरी 'नाही' लिहिलं. त्याखाली काकांनी पुन्हा: 'मग आत गेल्यावर बघू.' वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याला बाण काढून उत्तर दिलं: 'आत गेल्यावर महाग पडतं.'

सगळं प्रकरण या दोन वाक्यांचंच आहे. फरक इतकाच, की आम्ही दोन्ही गट एकाच गाडीतून, एकाच दिवशी, एकाच पार्कात गेलो आणि प्रत्येक बिल जपून ठेवलं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडच्या शाळा-सोसायट्या असल्या सहली काढत आल्यात. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. आम्ही गेलो ते या दोन्हींपैकी नव्हे. पुण्याच्या पलीकडचं, तिसरंच एक पार्क. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात पार्कापेक्षा आमचाच दोष जास्त आहे.

कुणी काय घेतलं

जेवणाचं पॅकेज, म्हणजे आगाऊ काढायचं कूपन, असं होतं. ५४९ रुपयांत दुपारचा बुफे (१२ ते ३) आणि संध्याकाळचा नाश्ता (४ ते साडेपाच: सामोसा किंवा सँडविच, बरोबर चहा किंवा कोल्ड्रिंक). हेच आत सुटं घेतलं तर बुफे ४७५ आणि नाश्ता १४०, म्हणजे ६१५. माणशी ६६ रुपये वाचणार, आणि जाहिरातीतही हा ६६ चा आकडा तिकिटाच्या आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात होता.

कूपन १० जणांनी घेतलं. आम्ही चौघं: मी, बायको, पंधरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. वरच्या मजल्यावरचे दादा-वहिनी आणि त्यांची इंजिनिअरिंगला असलेली दोन मुलं. शिवाय पहिल्या मजल्यावरचे आप्पा आणि माई. आप्पा ७४ वर्षांचे, त्यांना साखर आहे.

उरलेले ८ जण सुटे. काका-काकू, तीन वर्षांच्या पोराला घेऊन आलेलं एक तरुण जोडपं, आणि नऊ वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या दोन मुलींना घेऊन आलेली एक ताई, तिच्याबरोबर तिची आईही येणार होती. ही आजी ऐन वेळी गळाली. दोन माणसं, मग तीन, मग पुन्हा तीन, असे हे ८.

बिलावर एक गोष्ट धंद्याच्या सवयीने नजरेत भरली. तिकीट आणि जेवण वेगळ्या ओळीत होतं. पार्कच्या प्रवेशावर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २५ जानेवारी २०१८ पासून १८ टक्के झाला. म्हणजे आमच्या १,२९९ मध्ये १९८ रुपये कराचे. जेवणाच्या ओळीला ५ टक्के, म्हणजे ५४९ मधले जेमतेम २६. दोन्ही एकाच किमतीत बांधून विकलं तर तो 'मिश्र पुरवठा' ठरू शकतो, आणि तसा ठरला तर सगळ्यावर चढा दर लागतो. पार्कवाले दोन ओळी का लावतात, ते मला तिथे कळलं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ते सरकारचं झालं. आपल्या पोटाचं सांगा."

फाटकावर

शुक्रवार धरला होता, कारण शनिवार-रविवारी तिकीट चढं. पहाटे साडेपाचला गाडी निघाली. खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि आईने सहज सांगितलं, "आज संकष्टी आहे."

मी म्हटलं, "मग तीन आठवड्यांपूर्वी सांगायचंस की, कूपन काढताना."

"तू विचारलंस कुठं?"

खरंच विचारलं नव्हतं. कालनिर्णय स्वयंपाकघरात, मी हॉलमध्ये मोबाइलवर. एका बोटाच्या टिचकीत १० कूपनं काढून मोकळा झालो होतो. आईने मात्र आपली सोय केली होती. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणि राजगिऱ्याचे लाडू. बाकीच्या बायकांनी दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतलं होतं. पुणं ओलांडल्यावर सगळ्यांनी मिसळ खाल्ली, आईने चहा घेतला.

फाटकावर पिशव्या उघडल्या गेल्या. बाहेरचं खाणं आत नाही. तरुण जोडप्याच्या पोराचा मऊ भात आणि आप्पांच्या गोळ्या-बिस्किटं यांना हरकत नव्हती. चित्रपटगृहांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला हेच सांगितलं होतं: बाहेरचं खाणं अडवण्याचा मालकाला हक्क आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट दिलं पाहिजे आणि तान्ह्या मुलांचं खाणं अडवता कामा नये. तो निकाल पार्कबद्दलचा नाही, पण इथली रीत तीच दिसली. दशम्या, ठेचा आणि आईची खिचडी परत गाडीत गेली. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा आत जाता येत नाही, हेही तिथेच कळलं. लाडवांची पुरचुंडी आईच्या पर्समध्ये औषधांखाली होती, ती सुरक्षारक्षक मुलीला दिसली नाही. किंवा दिसली, आणि तिने ती तशीच राहू दिली.

१ ते सव्वादोन

हा सव्वा तास मी नीट सांगतो, कारण पॅकेजचं खरं गणित इथे आहे.

कूपन हातात असलं की माणूस बाराला भूक नसतानाही घड्याळ बघायला लागतो. आप्पा-माई सोडून आम्ही आठ जण एकला बुफेच्या रांगेत लागलो. ३५ मिनिटं रांग, ४० मिनिटं जेवण. जेवण वाईट नव्हतं. पनीर, मिक्स भाजी, डाळ, जीरा राइस, पुऱ्या, गुलाबजाम, कलिंगड. लग्नातल्या पंगतीला खपून गेलं असतं. दादांच्या दोन्ही मुलांनी तीन-तीन वेळा ताट भरलं. मी ४७५ वसूल करायचे म्हणून दुसऱ्यांदा पुऱ्या घेतल्या, ज्यांची मला अजिबात गरज नव्हती.

आई खुर्चीवर बसली होती. तिच्या मनगटावर केशरी पट्टी, पुढ्यात कलिंगडाच्या चार फोडी, आणि टेबलाखाली मांडीवर पुरचुंडी. ५४९ रुपयांच्या खुर्चीवर बसून ती घरचा लाडू खात होती. मी काउंटरवर जाऊन विचारलं की हे कूपन आमच्या काकांना चालेल का. काउंटरवरची मुलगी नम्र होती. तिने पावतीच्या मागची ओळ दाखवली. परतावा नाही, हस्तांतर नाही. ओळ बारीक अक्षरात होती पण होती, आणि काढतानाही स्क्रीनवर आली होतीच. तक्रारीला जागा नव्हती. काकांना हे नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी पार्काची बाजू घेतली. "पास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, हेच मी तीस वर्षं सांगत आलो. आता माझ्यासाठी कसं चालवायचं?"

या सव्वा तासात बाकीचे ८ जण काय करत होते? त्यांनी पावणेबाराला, सगळे पार्क फिरत असताना, रिकाम्या काउंटरवर डोसे आणि पावभाजी खाऊन घेतली होती. एकला अर्धं पार्क बुफेच्या दारात आलं तेव्हा पाळण्यांच्या रांगा ओस पडल्या. अकरा वर्षांच्या मुलीने तेवढ्यात चार राइड केल्या. दिवसभरात तिच्या १३ झाल्या, माझ्या मुलाच्या ९. ही तुलना अगदी सरळ नाही, हे मान्य. तिच्या उंचीमुळे मोठ्या राइड तिला बंद होत्या, आणि लहान राइडची रांग मुळातच लहान. तरी माझ्या मुलाला एक राइड १४४ रुपयांना पडली. त्याच्याही १३ झाल्या असत्या तर ती १०० ला पडली असती. १,२९९ रुपये आपण आत घालवायच्या वेळेसाठी मोजतो, आणि त्यातला सर्वात मोकळा तास आम्ही ६६ रुपये वाचवायला रांगेत उभे राहून घालवला.

जेवल्यावरचा अर्धा तासही धरावा लागेल. दादांचा धाकटा तीन ताटं आणि पाच गुलाबजाम घेऊन झुलत्या जहाजावर चढला. उतरला तेव्हा रंग ठेच्यासारखा झाला होता. पुढचा पाऊण तास तो माईंच्या शेजारी पंख्याखाली पडून होता.

पाणी

एक लिटरची बाटली ४० ला, छापील किंमत २०. मी खिडकीवर विचारलं, तर उत्तर आलं की इथे हाच दर. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबरोबर जागा आणि सेवाही देतात, म्हणून त्यांना छापील किमतीची अट लागू होत नाही. पण आम्हाला ना टेबल होतं ना वेटर; खिडकीतून हात बाहेर आला, हातात बाटली. याला सेवा म्हणायचं का, यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता आला असता. मेच्या उन्हात, वीस रुपयांसाठी, मुलगा ओढत असताना, मी तो केला नाही. बहुतेक लोक करत नसावेत, आणि दर त्याच भरवशावर टिकतो.

काकांनी बाटली घेतलीच नाही. प्रसाधनगृहाच्या मागच्या भिंतीला थंड पाण्याचे नळ होते, तिकडे जाणारी पाटी होती, आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. "स्टँडवर उतरलं की पहिलं पाणी कुठं ते बघायचं," एवढंच ते म्हणाले. हे त्यांनी आम्हाला तीन वाजता सांगितलं. तोवर कूपनवाल्या दहा जणांनी नऊ बाटल्या घेतल्या होत्या.

चार ते साडेपाच

नाश्त्याची वेळ झाली तेव्हा मी, बायको आणि मुलगा वेव्ह पूलमध्ये होतो. मोबाइल लॉकरमध्ये, घड्याळ लॉकरमध्ये. बाहेर येऊन कपडे बदलेपर्यंत सहाला पाच कमी. काउंटर बंद. आईला सामोसा चालणार नव्हताच. चहा चालला असता, पण ती एकटी तिकडे गेली नाही. दादांचं कुटुंब आणि आप्पा-माई वेळेवर पोहोचले.

आता हिशेब. हा काकांच्या वहीत काकांच्या अक्षरात आहे, मी फक्त तपासला.

दहा कूपनांचे ५,४९० भरले. सुट्या दराने त्यांचं मोल ६,१५०, म्हणजे ६६० वाचायला हवे होते. प्रत्यक्षात बुफे ९ जणांनी खाल्ला (४,२७५) आणि नाश्ता ६ जणांनी (८४०). मिळालं ५,११५ चं. ६६० वाचायच्या ऐवजी ३७५ बुडाले. त्यातही दादांचे चौघं आणि आप्पा-माई यांचे प्रत्येकी ६६ खरोखर वाचले, एकूण ३९६. बुडाले ते सगळे आमच्या घरचे: २,१९६ भरून आम्ही १,४२५ चं खाल्लं. ७७१ रुपयांचा खड्डा, आणि तो पडला पतसंस्थेत हिशेब बघणाऱ्याच्या घरात.

कूपनशिवाय आत जे गेलं तेही मांडतो. कूपनवाल्यांनी वर १,३६० खर्च केले: नऊ बाटल्या, आठ आइस्क्रीम आणि दुपारी चार कोल्ड्रिंक, कारण पॅकेजमधलं कोल्ड्रिंक चारनंतरच मिळणार होतं. म्हणजे माणशी ६८५. सुट्या आठ जणांचं आतलं एकूण बिल २,७८०, माणशी ३४७ रुपये ५० पैसे. यात मोठी तफावत आहे. काका-काकूंनी दोन डोसे आणि दोन चहात ४०० मध्ये दिवस काढला. जोडप्याचे पोरासकट १,०३० झाले. ताईंचे तिघींचे १,३५०: पिझ्झा, फ्राइज, स्वीटकॉर्न, सरबत, आइस्क्रीम, पाणी. मुलींनी प्रत्येक खिडकीसमोर पाय रोवले, आणि ताई दमलेल्या होत्या. माणशी ४५० मोजूनही त्या तिघी पोटभर जेवल्या असं म्हणता येणार नाही. सुटं घेणं स्वस्त पडतं ते काकांसारखा 'नाही' म्हणणारा माणूस बरोबर असेल तर. पुढच्या वेळी ताईंनी मुलींपुरता बुफे घ्यावा, असं मी त्यांना सांगितलंय. मुलांचा दर उंचीप्रमाणे कमी असेल तर नक्कीच.

वहिनींचा आक्षेप योग्य होता: आम्ही आत जास्त खाल्लं, तर रात्री कमी खाणार, तेही धरा. धरलं. परतताना शिरवळच्या पुढे हॉटेलात थांबलो. सुट्या आठ जणांचं बिल १,६८०, कूपनवाल्या दहा जणांचं १,१५०. दोन्ही मिळून कूपनवाल्यांना दिवस माणशी ८०० ला पडला, सुट्यांना ५५७ रुपये ५० पैशांना. फरक २४२ रुपये ५० पैशांचा उरला.

आप्पा

एवढ्यावर 'कूपन वाईट' म्हणून वही मिटता आली असती. पण परतीच्या वाटेवर मी आप्पांना विचारलं की त्यांना कसं वाटलं. ते म्हणाले, "सगळ्यात चांगले पैसे त्याचेच लागले."

आप्पा-माई एकाही राइडमध्ये बसले नव्हते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, बाकांवर सावली तुटक. ते सव्वाबाराला, रांग लागायच्या आधी, बुफेच्या हॉलमध्ये शिरले आणि तीनला दार बंद होईपर्यंत एसीत बसून राहिले. कुणी उठवलं नाही. साखर असलेल्या माणसाला ठरल्या वेळी भाजी-डाळ मिळणं, वर खिडक्या शोधत फिरावं न लागणं आणि पावणेतीन तास गार हवेतली खुर्ची. ५४९ मध्ये त्यांनी जागा विकत घेतली होती, जेवण वर मिळालं. दादांच्या मुलांनी पोट भरून घेतलं, तेही समजू शकतं. दादा-वहिनींचे ६६ वाचले खरे, पण कूपन नसतं तर त्यांनीही डोसाच खाल्ला असता, असं वहिनी स्वतःच शिरवळला बोलून गेल्या. म्हणजे दहांपैकी चार जणांना ते पैसे लागू पडले, आणि त्यातले दोघे ज्यांना पाळण्यात बसायचंच नव्हतं.

पार्काच्या बाजूनेही पाहिलं. आगाऊ विकलेल्या कूपनांमुळे किती ताटं लागणार ते आदल्या दिवशी कळतं, पैसे आधी येतात, गर्दी ठरावीक वेळेला एका हॉलमध्ये जाते. आणि आमच्यासारखे चार जण नाश्त्याला पोहोचले नाहीत, तर तो सामोसा तळावाच लागत नाही. ६६ रुपयांची सूट ही या सगळ्याची किंमत आहे. पार्काला ती जड नाही. माझी चूक सूट मोजण्यात झाली नव्हती. दहा जणांत एखादा चुकला तर काय, हे मी मोजलंच नव्हतं. एकाचा बुफे आणि दोघांचा नाश्ता हुकला की दहा जणांचे ६६० वाचायचे तिथे ७५५ जातात. आणि बुफे त्याच ४७५ ला दारावर तीनपर्यंत मिळत होता. थांबलो असतो तर माणशी जास्तीत जास्त ६६ गेले असते, आणि आईची संकष्टी तोवर आम्हाला कळली होती.

दिवाळीच्या सहलीसाठी जिन्यात नवा कागद लागलाय. त्यावर 'जेवण हो/नाही' हा रकानाच नाही. ज्याला बसायला जागा हवी त्याने आपलं आपण काढावं, असं खाली काकांनी लिहिलंय, आणि तारखेच्या शेजारी आईने तिथी.

शिरवळच्या हॉटेलाबाहेर साडेदहा वाजून गेले तेव्हा चंद्र वर आला. दिवसभर तापलेल्या गाडीत खिचडी आंबली होती, ती टाकून दिली. आईने ट्रॅव्हलरच्या पायरीवर बसून कुणाच्या तरी डब्यातली दशमी आणि ठेचा खाल्ला. तिला कूपनची किंमत मी अजून सांगितलेली नाही. काका दिव्याखाली वही घेऊन उभे होते. ७७१ रुपये सामायिक खर्चात टाकायला त्यांनी साफ नकार दिला होता, आणि आईच्या ५४९ समोर लाल पेनाने शेरा मारला होता: 'तिकीट फाडले, प्रवासी चढला नाही.'